दुसऱ्या पारड्यात काय आहे?

‘एड्स बरा करणारा उपाय सापडला’ अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते. मग वर्गात हमखास प्रश्न येतो : तो उपाय आपल्या हिंगोलीत कधी मिळणार? प्रश्न रास्तच आहे. पण त्याआधी आपण त्या उपायाची तुलना कशाशी करतो आहोत, हे ठरवायला हवे.

१९९५ साली तुलना मृत्यूशी होती. त्यापुढे कोणताही धोका लहान वाटे. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली. आज रोज एक गोळी नियमित घेणारा माणूस शेती करतो, संसार करतो, जवळजवळ इतरांइतकेच जगतो. रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही.

मात्र गोळी विषाणूच्या नव्या प्रती तेवढ्या रोखते. काही पांढऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये विषाणूची जनुके आधीच शिरलेली असतात. त्या पेशी वर्षानुवर्षे निपचित राहतात आणि औषधाच्या तावडीत सापडत नाहीत. गोळी थांबली की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू परततो. म्हणून गोळी जन्मभर घ्यावी लागते. सेनगाव-कळमनुरीकडून ऊसतोडीला जाणाऱ्याने हंगामाची औषधे बरोबर न्यायची, आणि कोपीत ती टोळीच्या नजरेपासून लपवायची! बरे होण्याची ओढ येथूनच येते.

बर्लिनमध्ये टिमथी रे ब्राऊन खरोखर बरे झाले. त्यांना रक्ताचा कर्करोगही होता. २००७ मध्ये त्यांना दुसऱ्याच्या मूळपेशी देण्यात आल्या. त्या दात्याच्या पेशींवरील सीसीआर-५ हे विषाणूचे दार जन्मतःच बंद होते. कर्करोग उलटल्याने २००८ मध्ये हाच उपचार पुन्हा करावा लागला. विषाणू कधीच परतला नाही. २०२० मध्ये ते गेले, ते कर्करोगाने. या उपचारात रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा आधी नष्ट करतात आणि त्यात काही रुग्ण दगावतात. कर्करोग असलेल्याने हा धोका पत्करणे समजण्यासारखे आहे. गोळीवर धडधाकट असलेल्याला आम्ही तरी तो सुचवणार नाही. शिवाय असे दाते उत्तर युरोपात शंभरात एखादा, भारतात तर फारच दुर्मिळ.

जनुकांत बदल करणे, निपचित पेशींना जागे करून मारणे, असे इतर प्रयत्न चालू आहेत. पण उपाय लागू पडला की नाही, हे शेवटी गोळी थांबवूनच कळते. खरा पेच येथे आहे. अमेरिकेतील मिसिसिपीत २०१० मध्ये जन्मलेले एक बालक औषधाविना २७ महिने विषाणूमुक्त दिसत होते. २०१४ मध्ये विषाणू परतला. त्याआधी २००६ मध्ये ५,४७२ रुग्णांवरील एका अभ्यासात, औषध अधूनमधून थांबवणाऱ्या गटात गंभीर आजार व मृत्यूंचा धोका अडीचपटींहून अधिक आढळला. आताच्या चाचण्यांत थांबण्याचा काळ छोटा ठेवतात, वरचेवर रक्त तपासतात आणि विषाणू दिसताच गोळी पुन्हा सुरू करतात. त्यामुळे धोका बराच घटतो. तरी त्या काळात जोडीदाराला लागण होऊ शकते, आणि त्याची संमती कोणी घेतलेली असेलच असे नाही. स्वयंसेवकाच्या वाट्याला धोका येतो. लाभ झालाच तर बहुधा मागून येणाऱ्यांना.

आणि फडावर असलेल्याचे रक्त दर आठवड्याला तपासणार कोण?