चित्राशेजारची चिठ्ठी

आज बचत, कर्ज, हप्ता यांतलं काही नाही. आज मी तुम्हाला एका चित्रांच्या संग्रहालयात घेऊन जाणार आहे, आणि तेही फिलिपिन्स देशात. "आम्हाला चित्रातलं काय कळतंय ताई," असं म्हणून रेडिओ बंद करू नका. मलाही कळत नव्हतं. शेवटी आपल्या गोधडीपर्यंत यायचंय.

आधी मी तिथे गेले कशी ते सांगते. आपल्याकडची बरीच मुलं-मुली डॉक्टर व्हायला फिलिपिन्सला जातात. माझी पुतणी इलोइलो शहरात शिकते. मागच्या वर्षी तिला डेंग्यू झाला. जाऊबाईंकडे पासपोर्ट नव्हता, माझा काढून ठेवलेला होता. म्हणून मी गेले. तीन आठवडे तिला पेज, मऊभात करून घातला. ती हिंडायला-फिरायला लागली तशी म्हणाली, "काकू, तू आल्यापासून खोलीतच आहेस. चल, तुला एक जागा दाखवते."

फिलिपिन्स हा सात हजारांहून जास्त बेटांचा देश. राजधानी मनिला वर उत्तरेकडच्या मोठ्या बेटावर. मधल्या बेटांच्या भागाला विसायास म्हणतात. त्यात पनाय नावाचं बेट आहे आणि त्या बेटावर इलोइलो. तिथली भाषा हिलिगायनोन. सकाळी भेटलं की "माआयोंग आगा" म्हणतात. भांडतानासुद्धा गोड वाटावी अशी लाडिक चालीची भाषा.

संग्रहालयाचं नाव इलोइलो समकालीन कला संग्रहालय. लोक नुसतं "इलोमोका" म्हणतात. ते २०१८ साली सुरू झालं. जिथे आहे तिथे पूर्वी शहराचा विमानतळ होता. २००७ मध्ये विमानतळ शहराबाहेर गेला आणि त्या जागेवर दुकानं, कचेऱ्या, उंच इमारती झाल्या. त्यातच हे संग्रहालय.

"समकालीन" म्हणजे आपल्या काळातलं. संग्रहालय म्हटलं की आपल्याला राजांच्या तलवारी, जुनी नाणी, मोडक्या मूर्ती आठवतात. इथे तसं नाही. आज जगत असलेल्या, किंवा काल-परवापर्यंत आपल्यात असलेल्या माणसांनी केलेलं काम इथे असतं. चित्रं कायमची एकच नसतात. काही दिवसांनी उतरवतात आणि दुसऱ्या कलाकारांची लावतात. त्यात त्याच भागातल्या, म्हणजे इलोइलोच्या आणि आसपासच्या बेटांवरच्या कलाकारांना जागा मिळते.

आत गेले तर पांढऱ्या भिंती, गार हवा आणि शांतता. माझ्या पोटात गोळा आला. चप्पल काढायची का, बोललेलं चालतं का, काहीच कळेना. पुतणी म्हणाली, "काकू, नियम दोनच. हात लावायचा नाही आणि घाई करायची नाही." मग तिने एक युक्ती सांगितली, ती तुम्हालाही सांगते. आधी चित्राकडे नुसतं बघायचं. काय दिसतं, रंग कोणते, माणसं काय करतायत. मग थोडं मागे सरून पुन्हा बघायचं. आणि सगळ्यांत शेवटी बाजूची चिठ्ठी वाचायची.

प्रत्येक चित्राशेजारी एक छोटी चिठ्ठी असते. त्यावर करणाऱ्याचं नाव, कामाचं नाव, कोणत्या साली केलं आणि कशापासून केलं, एवढं लिहिलेलं असतं. चित्र केवढंही मोठं असो, चिठ्ठी तळहाताएवढीच. पण ती नाही असं एकही काम मला दिसलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्रश्न असा की, राजधानीत मोठमोठी संग्रहालयं असताना इलोइलोला वेगळं कशाला? आपल्याकडे म्हणतात ना, पिकतं तिथे विकत नाही. फिलिपिन्सच्या बेटांवरच्या कलाकारांचंही तेच. नाव मिळवायचं तर मनिला गाठा. शेजारच्या नेग्रोस बेटावर बाकोलोद शहर आहे. तिथल्या नॉर्बर्टो रोल्डान, चार्ली को, नुनेलुसिओ अल्वाराडो अशा कलाकारांनी १९८६ मध्ये एक गट केला. त्या गटाने १९९० मध्ये बाकोलोदला विसायासमधल्या कलाकारांचा मेळावा भरवला. तेव्हापासून तो दर दोन वर्षांनी भरतो, कधी या बेटावर तर कधी त्या. कुणी मोठ्याने येऊन केलं नाही, आपण होऊन जमले आणि केलं. मला तर ते आपल्या बचत गटांच्या मेळाव्यासारखंच वाटलं.

या कलाकारांनी काढलं काय? ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इलोइलो हातमागाच्या कापडासाठी प्रसिद्ध होतं. सूत, रेशीम, अननसाच्या पानांचे तंतू, सगळ्याचं कापड व्हायचं, आणि मागावर बसायच्या बाया. १८५६ साली निकोलस लोनी नावाचा इंग्रज अधिकारी तिथे आला. मँचेस्टरच्या गिरण्यांचं स्वस्त सुती कापड त्याने आणवलं. इथले नमुने तिकडे पाठवून तसंच कापड करवून घेतलं. आणि परत जाणाऱ्या जहाजांत भरायला साखर हवी, म्हणून नेग्रोस बेटावर उसाची शेती वाढवायला जोर लावला. त्याच मँचेस्टरच्या कापडाने आपल्याकडच्या विणकरांचं काय केलं ते आपण शाळेत शिकलोय. तिथेही तेच झालं. माग थंडावले, ऊस वाढला, आणि पनायची माणसं ऊस तोडायला समुद्र ओलांडून नेग्रोसला जाऊ लागली.

या ऊसतोड मजुरांना तिथे "सकादा" म्हणतात. हे ऐकताना मला तिथेच बसावंसं वाटलं. कारण त्यांनाही मुकादमासारखा माणूस असतो, तोही आधी उचल देतो आणि मग ती फेडेपर्यंत राबायचं. तोड नसलेल्या महिन्यांना तिथे "मेलेला काळ" असं नाव आहे, कारण त्या महिन्यांत काम नाही आणि घरात दाणा नाही. १९८४-८५ च्या सुमारास जगात साखरेचा भाव कोसळला आणि नेग्रोसवर मजुरांच्या पोरांची उपासमार झाली. उसाच्या बेटावर उपासमार!

अल्वाराडो त्याच बेटाचे. त्यांच्या चित्रात हे सकादा असतात. काळ्या ठळक रेषा, भडक रंग, मोठे हातपाय आणि थेट आपल्याकडे बघणारे मोठाले डोळे. दिवाणखान्यात शोभेला लावायची ती चित्रं नव्हेत. मी त्यांची चित्रं मोबाईलवर पाहिली, आणि मला आमच्या भागातून दिवाळीनंतर ट्रॅक्टरवर संसार लादून निघणाऱ्या बायांचे चेहरे आठवले. वाटलं, यांना असं भिंतीवर कुणी मोठं करून लावलंय का?

आता गोधडीकडे येते.

पुतणीने मला आणखी एका बाईंबद्दल सांगितलं. पासिता आबाद. जन्म १९४६ चा, बातानेस नावाच्या, देशाच्या अगदी उत्तर टोकाच्या छोट्या बेटांवरचा. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, जगभर हिंडल्या. जिथे जात तिथल्या बायका हाताने काय करतात ते बघत आणि शिकत. त्यांचं मोठं काम म्हणजे चित्र आणि गोधडी एकत्र. कापडावर रंगवायचं, खाली अस्तर लावायचं, मध्ये भरण घालायचं आणि हाताने टाके घालून जागोजागी फुगवटे उठवायचे. वर आरसे, बटणं, शिंपले, फिती शिवायच्या. १९९२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या त्या प्रसिद्ध स्वातंत्र्यदेवीचं असंच मोठं काम केलं, आणि देवी काढली सावळी, रंगीबेरंगी पोशाखातली, आपल्यासारखी. २००४ मध्ये त्या वारल्या. आज त्यांची कामं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

अस्तर, भरण, धावदोरा. मैत्रिणींनो, यातलं आपल्याला काय येत नाही?

तिसरं नाव लांग दुलाय. दक्षिणेच्या मिंदानाव बेटावरच्या त'बोली आदिवासींमधल्या विणकर. केळीसारख्या दिसणाऱ्या आबाका झाडाच्या तंतूंपासून कापड विणायच्या. त्यांच्यात म्हणतात, नक्षी स्वप्नात येते. फिलिपिन्स सरकारने १९९२ मध्ये कायदा करून पारंपरिक कारागिरांना राष्ट्रीय सन्मान द्यायला सुरुवात केली. लांग दुलाय यांना तो १९९८ मध्ये मिळाला. नुसती शाल आणि नारळ नाही, दरमहा मानधन, आणि अट अशी की पुढच्या पिढीला शिकवायचं.

आणि इलोइलोचे माग? ते पूर्ण थांबले नाहीत. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर मियागाओ गाव आहे. तिथे बायकांची सहकारी संस्था आजही हातमागावर "हाब्लोन" कापड विणते. चौकड्याचं, रंगीत. ते बघून मला आपली जुनी लुगडी आठवली.

मी परत आले. आता आमच्या गटाची गोष्ट सांगते, कारण ती सांगितली नाही तर हे सगळं नुसतं प्रवासवर्णन होईल.

आमच्या गटात बारा जणी गोधड्या शिवतात. शहरातला एक व्यापारी त्या ठोक भावात न्यायचा. मी एकदा कामानिमित्त शहरात गेले आणि त्याच्या दुकानात आमची गोधडी टांगलेली पाहिली. आम्हाला दिलेल्या भावाच्या चौपट किंमत. कोपऱ्यावर सुंदर कापडी चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर दुकानाचं नाव. ती गोधडी आमच्यातल्या एका काकूंची होती, टाक्यावरून मी ओळखली. मला राग आला, पण तेव्हा काय म्हणायचं ते सुचलं नाही. तिकडच्या पांढऱ्या भिंतीसमोर सुचलं. चिठ्ठी तिथेही होती, पण तिच्यावर करणाऱ्याचं नाव होतं.

गटाच्या बैठकीत मी म्हटलं, यापुढे प्रत्येक गोधडीला आपली चिठ्ठी लावायची. सगळ्यांत आधी त्या काकूच म्हणाल्या, "माझं नाव कशाला? लोक त्यावर झोपणार, पाय देणार." त्यावर कुणी हसलं नाही. खरंच तो प्रश्न होता. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी ठरलं की चिठ्ठी उलट्या बाजूला, उशाकडच्या कोपऱ्यात शिवायची. पाय तिकडे जात नाहीत. हा तोडगाही काकूंनीच काढला.

भाव लगेच वाढला असं मी सांगणार नाही. त्या व्यापाऱ्याने चिठ्ठ्या काढून टाका म्हणून सांगितलं. आम्ही नाही म्हणालो, आणि त्याने त्या महिन्यात माल उचलला नाही. तो महिना कठीण गेला. दोघी जणी माझ्यावर नाराजही झाल्या, आणि त्यांचं चुकलं नाही, त्यांच्या घरात ते पैसे लागत होते. मग तालुक्याच्या प्रदर्शनात आम्ही स्वतः गाळा घेतला. तिथे एका ताईंनी गोधडी उलटून चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "या कोण? मला यांच्याच हातची अजून एक हवी." काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "मीच ती."

तुमच्या गटालाही करायचं असेल तर लिहून घ्या. पांढऱ्या सुती कापडाचा चार बोटं रुंद तुकडा. त्यावर न जाणाऱ्या शाईने किंवा दोऱ्याने चार गोष्टी. शिवणारीचं नाव. गटाचं आणि गावाचं नाव. महिना-साल. आणि कशापासून केली ते, म्हणजे जुनी सुती लुगडी, नवं कापड, जे खरं असेल ते. देण्याआधी गोधडीचा एक फोटो काढा आणि गटाच्या वहीत नोंद ठेवा. जिचं नाव घालायचं तिला आधी विचारा. नको म्हणाली तर नुसतं गटाचं नाव घाला, जबरदस्ती नाही.

माझ्या आईने आयुष्यभर गोधड्या शिवल्या. त्यातल्या कितीतरी नातेवाइकांकडे, शेजारीपाजारी गेल्या. आज एकीवरही तिचं नाव नाही. माझ्याकडे एक उरली आहे. परवा मी तिच्या उशाकडच्या कोपऱ्यात, उलट्या बाजूने, चिठ्ठी शिवली. साल आठवेना, म्हणून ते सोडून दिलं. नाव घातलं.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या घरातली एक जुनी गोधडी उलटून बघा आणि ती कुणी शिवली ते घरात विचारा. नमस्कार.