कोपीवरच्या लेकीबाळी आपल्याच



सातारा-सांगली आज दोन जिल्हे असले, तरी 1949 पर्यंत सांगलीचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. याच मातीत 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. शेणोलीजवळ रेल्वे लुटल्याची गोष्ट आपल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण बायकोला छळणारा, तिला टाकून देणारा नवराही त्या सरकारच्या न्यायमंडळापुढे उभा केला जाई, हे फारसे कुणी सांगत नाही. दारूबंदी आणि कमी खर्चाची गांधी लग्ने हीसुद्धा त्यांचीच कामे. त्याच चळवळीतल्या जी. डी. बापू लाडांनी पुढे कुंडलला आणि नागनाथअण्णा नायकवडींनी वाळव्याला साखर कारखाना उभा केला. म्हणजे बाईची अब्रू राखणे हा सहकाराला घरचाच वारसा आहे.

आता जरा आपल्या फडाकडे बघू. हंगाम आला की बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. जोडी झाली की उचल वाढते. शिवाय वयात आलेली पोर गावी एकटी ठेवायची भीती. म्हणून अठरा पुरी व्हायच्या आतच पोर बोहल्यावर चढते. इकडे कोपीला दार नाही, उजेड नाही, संडास नाही. थोरली बहीण शाळा सोडून धाकट्याला सांभाळते. अंधारात बाहेर गेलेल्या बाईचा कुणी हात धरला, तर तिने सांगायचे कुणाला? डोक्यावर उचल, गाव लांब.

गुन्हा झाल्यावर शिक्षा हवीच. पण तो होऊच नये, याची तजवीज आधी करता येते, आणि तिला फार पैसा लागत नाही. तळावर दिवे, पाणी आणि बायकांचे वेगळे संडास. पोरांना पाळणाघर आणि साखरशाळा. टोळी उतरतानाच पोराबाळांची नावे-वये लिहून घ्यायची. मजुरीतला बाईचा वाटा बाईच्याच हाती किंवा तिच्या खात्यात. कामावर छेडछाड झाली तर 2013 च्या कायद्याने कारखान्यात अंतर्गत समिती आणि जिल्ह्याला स्थानिक समिती आहे. तिथल्या बाईंचे नाव तळावर पाटीवर लिहावे. मुलांसाठी 1098 आणि बायकांसाठी 181 हे फोन नंबरही त्याच पाटीवर हवेत.

हे सगळे कारखान्यानेच करावे, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. तळ आपल्या बांधाला असतो. रात्री ओरडा ऐकू आला तर "त्यांच्या घरचा मामला" म्हणून कूस बदलायची नाही. आणि आपल्या घरी तरी काय चालते? घरातल्या मारहाणीविरुद्धचा 2005 चा कायदा वाड्यालाही आहे आणि कोपीलाही.

येत्या वार्षिक सभेत भावाबरोबर हाही विषय काढा, एवढीच आमची विनंती. ऊस गोड आहे. तो तोडणारीच्या वाट्याला कडू दिवस येऊ नयेत.