अनामत रकमेतील वजावट : झीज कोणती आणि नुकसान कोणते?

आपल्यापैकी बहुतेकांनी व्यवसायाचा आरंभ भाड्याच्या गाळ्यातूनच केलेला असतो. जागा घेताना अनामत रकमेची जुळवाजुळव करण्यात आपण इतके गुंतलेले असतो की ती रक्कम एक दिवस परत घ्यावयाची आहे, याचे भानच राहत नाही. जागा सोडतेवेळी मात्र नेमका तिच्यावरूनच वाद उभा राहतो आणि दवाखाना सोडून कोर्टकचेरी कोण करणार, म्हणून आपण मिळेल ते घेऊन गप्प बसतो. अनेक वैद्यमित्रांकडून व औषधालय चालविणाऱ्यांकडून अशा हकिगती ऐकल्या आहेत. त्यांपैकी एक माझी स्वतःची आहे. तीच येथे सांगतो.

कोपरखैरणे येथे इमारतीच्या तळमजल्यावरील एका गाळ्यात एप्रिल २०१३ पासून माझा दवाखाना होता. करार लिव्ह अँड लायसन्सचा, साठ महिन्यांचा व रीतसर नोंदणी केलेला. भाडे दरमहा अठरा हजार आणि अनामत दोन लाख, म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांचे भाडे. पुढे दुसरी जागा मिळाल्याने डिसेंबर २०१७ अखेर गाळा रिकामा करून किल्ल्या दिल्या. तोवर जागामालकांशी माझे संबंध उत्तम होते. त्यांच्या मातोश्रींच्या संधिवाताची चिकित्साही माझ्याकडेच चालू होती. दहा दिवसांनी ५४,५०० रुपयांचा धनादेश आणि एक हस्तलिखित कागद हाती आला. रंगकाम ४५,०००, फरशी बदलणे ६२,०००, नळ व सांडपाण्याची दुरुस्ती १४,०००, सोसायटीची थकबाकी ६,५००, अपुरी नोटीस १८,०००. एकूण वजावट १,४५,५०० रुपये. सोबत ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ अशा मजकुराची पावती सहीसाठी होती. “डॉक्टर, तुमच्या तेलानं फरशीची पार वाट लागली, मी तरी काय करू?” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

त्या पावतीवर मी सही केली नाही, हा त्या दिवशीचा माझा एकमेव शहाणपणा. ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहून दिल्यावर उरलेली रक्कम मागणे फार अवघड होते. धनादेश घ्यावयाचा असल्यास ‘उर्वरित रकमेचा हक्क राखून’ असे लेखी कळवून घ्यावा. मी तसेच केले.

आता मूळ प्रश्नाकडे. अनामत ही जागामालकाची मिळकत नव्हे. ती आपलीच रक्कम त्यांच्याकडे तारण म्हणून ठेवलेली असते. मुद्रांक शुल्काची आकारणीही याची साक्ष देते. लिव्ह अँड लायसन्स करारावर आपल्या राज्यात ०.२५ टक्के शुल्क भरताना परताव्याच्या अनामतीवर वार्षिक दहा टक्के दराने व्याज गृहीत धरून ते भाड्यात मिळवले जाते. माझ्या दोन लाखांवर वर्षाला वीस हजार रुपये. म्हणजे आपण भाडे देतोच, शिवाय हे व्याजही सोडून देत असतो. त्यातून वजावट करावयाची तर नुकसान झाल्याचे दाखविण्याची जबाबदारी वजावट करणाऱ्याची.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ चा आशय हाच आहे. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. जमा रक्कम जप्त करण्यासही हे कलम लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात १९६३ मध्येच स्पष्ट केले. २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालातील वस्तुस्थिती तर फारच बोलकी आहे. ३.१२ कोटींच्या बोलीपोटी भरलेले ७८ लाख प्राधिकरणाने जप्त केले आणि तोच भूखंड पुढे ११.७८ कोटींना विकला. नुकसान झालेच नाही, तेव्हा रक्कम ठेवून घेता येणार नाही, असा निर्णय झाला. हा वाद भूखंडाचा होता, गाळ्याचा नव्हे. पण नुकसान नसताना भरपाई नाही, हे सूत्र आपल्यालाही उपयोगी पडते.

जुनेपणा आणि नुकसान यांतील भेद वैद्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. सुश्रुताचार्यांनी व्याधींचे आगंतु, शारीर, मानस व स्वाभाविक असे चार प्रकार सांगून जरेची गणना स्वाभाविकात केली आहे. वास्तूलाही जरा असते. पावणेपाच वर्षांत भिंतीचा रंग उडणारच; तो स्वाभाविक. पाय घसरून बेसिन फुटले तर ते आगंतु, आणि त्याचे पैसे आपण द्यावेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याने घेतलेली जागा वाजवी झीज वगळता मूळ स्थितीत परत करावी, असे म्हटले आहे. मात्र येथे एक खाच आहे. हे कलम भाडेपट्ट्यासाठी आहे. आपले करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचे असतात आणि त्यांत करारातील शब्दच प्रमाण ठरतात. म्हणून ‘स्वाभाविक झीज वगळून’ हे तीन शब्द आपल्या करारात आहेत की नाहीत, ते आजच काढून पाहावे. सुदैवाने माझ्या करारात ते होते. अर्थात ते मी घातले नव्हते, करार करून देणाऱ्या एजंटाच्या छापील नमुन्यातच होते.

रंगकामाबाबत खरा वाद होता तो ओलीचा. स्वेदनाच्या वाफेने भिंत खराब झाली, असे जागामालकांचे म्हणणे. आरोप अगदीच निराधार नव्हता, कारण वाफ कोंडली तर छताचे पोपडे निघतात, हे आपण सारेच जाणतो. पण पोपडे होते बाहेरच्या, पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर. स्वेदनपेटी ज्या कोपऱ्यात होती तेथील छत कोरडे होते. शिवाय त्याच भिंतीची ओल २०१३ च्या जुलैमधील एका छायाचित्रात स्पष्ट दिसत होती, आणि पंचकर्म कक्ष मी सुरू केला तो २०१४ मध्ये. हे छायाचित्र पुराव्यासाठी काढलेलेच नव्हते. भिंतीपाशी ठेवलेल्या चूर्णांच्या बरण्यांना बुरशी येत होती म्हणून कंपनीच्या प्रतिनिधीला दाखविण्यासाठी काढले होते! रंगकामाची वजावट येथेच निकालात निघाली.

फरशीच्या बाबतीत मात्र मी चुकीचा होतो, हे मान्य केले पाहिजे. द्रोणीखाली नुसता प्लास्टिकचा कागद होता. तेल फरशीच्या सांध्यांत मुरले आणि कितीही घासले तरी डाग निघेनात. अभ्यंगाच्या खोलीत तेल सांडणे हा नित्य वापर असला तरी गाळा देणाऱ्याने ती झीज गृहीत धरली होती असे म्हणता येत नाही. पण खराब झाली ती ८० चौरस फुटांची एक खोली आणि वजावट होती ३१० चौरस फुटांची. दोनशे रुपये फुटाने त्या खोलीचे सोळा हजार होतात. जुन्या फरशीऐवजी नवी कोरी फरशी आपल्या पैशांनी घालून देणे न्याय्य नाही म्हणून त्याचे निम्मे, आठ हजार, मी कबूल केले. सांडपाण्याच्या नळीत लेप व उटण्याचा गाळ साचला होता, तीही चूक आमचीच. तथापि बिल मागताच चौदा हजारांचे ९,२०० झाले. बिल मागावे, यात संकोच कसला?

सोसायटीचे देखभाल शुल्क करारानुसार मालकांनी भरावयाचे होते. तो मुद्दा करार दाखविताच संपला. नोटीस मी तोंडी वेळेवर दिली होती, लेखी मात्र बारा दिवस उशिरा. करारात ‘लेखी’ शब्द असल्याने बारा दिवसांचे ७,२०० रुपये मी मान्य केले. खरे पाहता १ जानेवारीपासूनच त्या गाळ्यात मोबाइलचे दुकान सुरू झाले होते, त्यामुळे मालकांचे नुकसान शून्य होते. आज मी तेवढेही दिले नसते.

अशा रीतीने २४,४०० वजा जाता मला १,७५,६०० येणे होते, म्हणजे आणखी १,२१,१००. छायाचित्रे व हिशेब जोडून पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पत्र पाठविले, उत्तर नाही. मग वकिलांमार्फत नोटीस दिली. रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो आणि तत्पूर्वी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत प्रकरण नेता येते, हे त्यांनी मला सांगितले. लोकअदालतीत तडजोड झाल्यास तिला हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नाही. भाडे नियंत्रण कायद्यातील सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा सल्ला काहीजण देतात. पण ती व्यवस्था निवासी जागेचा ताबा मालकाला परत मिळवून देण्यासाठी आहे, आपल्या अनामतीसाठी नाही. आम्हाला यांपैकी कोठेच जावे लागले नाही. एप्रिल २०१८ मध्ये सोसायटीच्या कार्यालयात दोघे समोरासमोर बसलो आणि १,०५,००० वर मिटविले. सोळा हजार शंभर सोडले. त्यांच्या मातोश्री मात्र पुन्हा चिकित्सेला आल्या नाहीत, याची रुखरुख आहे.

ज्यांच्याकडे नोंदणीकृत करारच नाही त्यांनीही हताश होऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अनामत किती घ्यावी यास मात्र या कायद्यात मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात अनिवासी जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज बंधनकारक नाही.

औषधालयवाल्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. अॅलोपॅथिक औषधेही ठेवणाऱ्यांचा विक्रीपरवाना त्या जागेपुरताच असतो. जागा सोडूनही तो त्याच पत्त्यावर राहू दिला तर मालकाला अनामत अडवून ठेवण्यास रास्त कारण मिळते. दवाखान्याची जैववैद्यकीय कचऱ्याची नोंद, दुकाने-आस्थापना नोंद व अंतिम वीजबिल यांचेही तेच. या सर्वांच्या प्रती किल्ल्यांसोबत देऊन एकाच कागदावर सही घ्यावी.

नव्या जागेत शिरताना मी रुग्णपत्रकासारखे जागेचे पत्रक केले : प्रत्येक भिंत, छत, नळ व फरशी यांची स्थिती, तारखेसह एक्केचाळीस छायाचित्रे आणि दोघांच्या सह्या. नवे मालक हसले. “एवढं तर आम्ही मुलीचं लग्न ठरवतानाही लिहून घेतलं नाही, डॉक्टरसाहेब,” म्हणाले, आणि सही केली. द्रोणीखाली आता काठ वळवलेला स्टीलचा पत्रा आहे.