तेच गाणं पुन्हा ऐकायला आपण का जातो?

मागच्या व्याख्यानात आपण मूळ कृती आणि तिची प्रत यांच्यातला फरक पाहिला. चित्राच्या बाबतीत तो सोपा होता. मोनालिसा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, बाकी सगळ्या प्रती. पण गाण्याचं काय? एखादं रॉकगीत ज्याने हजारदा ऐकलंय, ज्याला त्यातला श्वासन्‌श्वास पाठ आहे, तो चाहता पदरमोड करून, तासन्‌तास रांगेत उभा राहून तेच गाणं प्रत्यक्ष ऐकायला का जातो?

'क्वीन' या ब्रिटिश बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे उदाहरण घेऊ. हे गाणं १९७५ सालचं, जवळजवळ सहा मिनिटांचं. ते रचणारा फ्रेडी मर्क्युरी जन्माने झांझिबारचा पारशी, आणि शाळा आपल्या पाचगणीची! गाण्याच्या मध्यावर ऑपेराच्या थाटाचा एक भाग येतो. ऐकताना वाटतं, केवढा मोठा गायकवृंद असेल. प्रत्यक्षात गाणारे तिघंच. त्यांचे आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून टेपवर थरावर थर चढवलेले. म्हणजे बघा, तो समूहस्वर एका जागी, एका वेळी कधी घडलेलाच नव्हता.

मग मंचावर काय करायचं? बँडने सरळ मार्ग काढला. तो भाग आला की टेप लावायची, दिव्यांचा खेळ करायचा, आणि चौघांनी आत निघून जायचं. रॉकचा भाग सुरू झाला की परत यायचं. १३ जुलै १९८५ला वेम्ब्लीच्या 'लाइव्ह एड'मध्ये तर मर्क्युरीने पियानोवर सुरुवातीचा भाग गायला आणि ऑपेरा येण्याआधीच बँड पुढच्या गाण्याकडे वळला.

थिओडोर ग्रेसिक या तत्त्वज्ञाने १९९६ साली मांडलं, की रॉकमध्ये मूळ कलाकृती म्हणजे ध्वनिमुद्रणच. आपल्याकडे बंदिशीचं उलट आहे. बंदीश हा सांगाडा, तिला अंग येतं ते दर मैफलीत. ग्रेसिकचं मानलं, तर चाहत्याने घरीच बसावं. अस्सल वस्तू त्याच्या कपाटातच आहे की! पण तो घरी बसत नाही. का?

इथे कांट मदतीला येतो. १७९०च्या ग्रंथात तो 'आवडणं' आणि 'सुंदर वाटणं' यांत भेद करतो. मला बासुंदी आवडते, तुम्हाला नाही, वाद संपला. पण 'हे सुंदर आहे' असं म्हणताना आपण नकळत सगळ्यांची संमती मागत असतो. चाहता खोलीत एकटाच ऐकत असला, तरी त्याच्या प्रेमात ही मागणी असतेच. तिला उत्तर मिळण्याची जागा खोलीत नाही.

आता २०१७चा प्रसंग पाहा. लंडनच्या हाइड पार्कात 'ग्रीन डे'चा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. मंचावर कोणी नव्हतं. मर्क्युरीला जाऊन पंचवीस वर्षं उलटली होती. ध्वनिवर्धकावर हे गाणं लागलं, आणि हजारो माणसं ते गाऊ लागली, ऑपेराच्या भागासकट. जो समूहस्वर टेपवर तीन गळ्यांतून रचला होता, तो त्या मैदानात खराखुरा घडला.

कांट लगेच बजावेल, की गर्दी जमली म्हणून सौंदर्य सिद्ध होत नाही. बरोबरच आहे. गर्दी वाईट गोष्टींसाठीही जमते. पण पुरावा आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाहता पुरावा शोधायला जात नाही. तो तर त्याच्याकडे आधीच असतो. जे आपल्याला एकट्याला भिडलं, असं वाटत होतं, ते शेजारच्या अनोळखी माणसालाही त्याच जागी भिडतं, एवढं त्याला कळतं. ध्वनिमुद्रण कितीही निर्दोष असलं, तरी हे ते सांगू शकत नाही.