गुडघ्यातलं ‘वंगण’

‘वंगण संपलंय.’ गुडघेदुखी घेऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या कानावर हे दोन शब्द कधी ना कधी पडतातच. पाठोपाठ ‘जेलचं इंजेक्शन देऊ, वर्षभर बघायला नको’ हेही येतं. माझ्या मावशीला हे लगेच पटलं. शिवणयंत्राला तेल घातलं की करकर थांबते, हा तिचा चाळीस वर्षांचा अनुभव. गुडघा मात्र शिवणयंत्र नाही, आणि सगळा घोळ या उपमेतच आहे.

पाकाची तार

निरोगी गुडघ्यातला द्रव असतो जेमतेम दोन-चार मिलिलिटर. चहाचा चमचाही भरायचा नाही. दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर त्याची तार येते, एकतारी पाकासारखी. हा चिकटपणा हायलुरॉनिक अ‍ॅसिडमुळे येतो. नावात अ‍ॅसिड असलं तरी ते जाळणारं काही नव्हे. साखरेच्या रेणूंची ती लांबच लांब साखळी आहे. सांध्याचं अस्तर ती सतत तयार करतं आणि शरीर जुनी मोडीत काढतं.

झिजेच्या संधिवातात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, या साखळ्या आखूड होतात, त्यांचं प्रमाणही घटतं आणि द्रव पातळ होतो. ‘वंगण संपलं’ म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं. पण दुखणं काही केवळ द्रव पातळ झाल्याने येत नाही. कूर्चा झिजलेली असते, तिच्याखालच्या हाडात बदल झालेले असतात, अस्तराला सूज असते, मांडीचे स्नायू अशक्त झालेले असतात. खुद्द कूर्चेत तर वेदनेच्या नसाच नसतात! म्हणजे कळ येते ती आजूबाजूच्या भागांतून.

डोळ्यातून गुडघ्यात

१९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून हायलुरॉनिक अ‍ॅसिड, म्हणजे या जेलमधला मुख्य पदार्थ, वेगळा केला. ग्रीक भाषेत काचेला ‘हायलोस’ म्हणतात, त्यावरून हे नाव. पुढे एंड्रे बालाझ या हंगेरीत जन्मलेल्या संशोधकाने कोंबड्याच्या तुऱ्यातून तो इतका शुद्ध काढला की शरीरात टोचला तरी दाह होऊ नये. आधी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत आणि शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यांत त्याचा वापर झाला, माणसाच्या गुडघ्याची पाळी नंतर आली. अमेरिकेत गुडघ्यासाठी १९९७ साली परवानगी मिळाली, तीही ‘औषध’ म्हणून नव्हे तर ‘उपकरण’ म्हणून, कारण त्याचं काम यांत्रिक, वंगणाचं, असं धरलं गेलं. आज तुऱ्याबरोबरच जिवाणूंच्या साहाय्याने किण्वन करूनही ते तयार होतं.

टोचतात कसं

ऑपरेशन थिएटर लागत नाही, भूलही द्यावी लागत नाही. पाय सैल सोडून टेबलावर झोपायचं. त्वचा जंतुनाशकाने पुसतात, गुडघ्याची वाटी बोटाने जराशी बाजूला सारतात आणि फटीतून सुई आत घालतात. सांध्यात पाणी साठलं असेल तर आधी ते ओढून काढतात. मग घट्ट जेल हळूहळू आत सोडतात. काही ब्रँडची तीन ते पाच इंजेक्शनं आठवड्याच्या अंतराने घ्यावी लागतात, काहींचं एकच पण मोठं असतं. एक-दोन दिवस सूज, ठणका राहू शकतो. त्या दिवसांत जिने चढणं-उतरणं आणि जड उचलणं टाळायचं.

उपयोग किती?

मावशीने इंजेक्शन घेतलं आणि दोन महिने तिला बरं वाटलं. पण त्याच दोन महिन्यांत तिने जमिनीवर बसून भाजी निवडणं सोडलं, कमोड बसवला आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मांडीचे व्यायाम नेमाने केले. श्रेय कुणाला द्यायचं? शिवाय गुडघेदुखीला भरती-ओहोटी असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं टोकाला गेल्यावर. त्यानंतर ते आपोआपही थोडं उतरतं. आणि सुईवरच्या विश्वासाचाही परिणाम होतोच. गोळीपेक्षा इंजेक्शन ‘लागू पडतं’ असं मानणारा देश आहे आपला.

म्हणून तुलना करावी लागते ती नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनशी. २०२२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या जेलच्या चाचण्यांचा एक मोठा आढावा आला. त्यात १६९ चाचण्या आणि एकवीस हजारांहून अधिक रुग्ण होते. मोठ्या आणि नकली इंजेक्शनशी तुलना केलेल्या चाचण्याच वेगळ्या काढल्या, तेव्हा शंभरच्या मोजपट्टीवर वेदना सलाइनपेक्षा सरासरी दोनच अंकांनी जास्त कमी झाली होती. रुग्णाला फरक जाणवायला सुमारे नऊ अंक तरी लागतात. गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण जेल घेणाऱ्यांत थोडं अधिक दिसलं, तेही नोंदवायला हवं.

आणखी एक कोडं आहे. साधं हायलुरॉनिक अ‍ॅसिड सांध्यातून एक-दोन दिवसांत निघून जातं. साखळ्या एकमेकींना जोडून घट्ट केलेलं काही दिवस ते काही आठवडे टिकतं. मग काहींना सहा महिने आराम पडतो तो वंगणाने कसा? अस्तराच्या पेशींवर परिणाम होऊन दाह कमी होत असावा, असं एक स्पष्टीकरण देतात. ते बरोबर निघालं तरी तेलाची उपमा मोडीतच निघते.

संस्थांची मतं

ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था सरळ ‘देऊ नका’ म्हणते. अमेरिकेतल्या अस्थिशल्यतज्ज्ञांची अकादमी २०२१ पासून ‘सरसकट वापरू नका’ म्हणते. खुब्याच्या सांध्यासाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेचा विरोध आणखी कडक आहे. युरोपातल्या काही तज्ज्ञगटांनी मात्र निवडक रुग्णांसाठी दार उघडं ठेवलंय.

मग घ्यायचं का?

माझं मत विचाराल तर पहिला उपाय म्हणून नाही. त्याने कूर्चा पुन्हा उगवत नाही, आणि वाकडा झालेला, पूर्ण घासलेला गुडघा सरळ होत नाही. पण झीज सुरुवातीची किंवा मध्यम असेल, मूत्रपिंड किंवा जठराच्या तक्रारींमुळे वेदनाशामक गोळ्या चालत नसतील, व्यायाम आणि वजन यांवर प्रामाणिकपणे काम करून झालं असेल, तर खर्च आणि शक्यता दोन्ही समजून घेऊन एकदा घेऊन बघायला हरकत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम लवकर पडतो, पण तो काही आठवड्यांपुरता, आणि मधुमेहींची साखर काही दिवस चढते. जेलने तसं होत नाही, ही त्याची जमेची बाजू.

वजनाचं गणित मात्र इंजेक्शनपेक्षा पक्कं आहे. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

घ्यायचं ठरलंच तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास, अंडं किंवा कोंबडीची अ‍ॅलर्जी असल्यास, गुडघ्यावर जखम किंवा गळू असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. आणि टोचल्यानंतर गुडघा लाल, गरम होऊन टम्म फुगला, ताप आला, पाय टेकवेना, तर घरी शेकत बसू नका. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झालाच तर सांधा काही दिवसांत खराब होतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.