पितळ मऊ कसं राहतं?

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार 11.23 मीटर. 1:32 प्रमाणातली प्रतिकृती 35 सेंटिमीटर रुंद होते, आणि एवढ्या मोठ्या मॉडेलमध्ये लबाडी लपत नाही. खरा एक मिलिमीटरचा पत्रा इथे जेमतेम 0.03 मिलिमीटरचा हवा. साच्यातून निघणाऱ्या प्लास्टिकला ते जमत नाही. म्हणून वैमानिकाच्या पट्ट्याची बक्कलं, आसनाच्या कडा, चाकाजवळच्या ब्रेकच्या नळ्या हौशी कारागीर पत्र्यातून आणि तारेतून स्वतः घडवतात.

खरी गंमत आहे धातूच्या स्वभावात. पितळ वाकवलं की त्याच्या स्फटिकरचनेतले दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि धातू कडक होतो. तरीही वाकवत राहिलं तर तडकतो. उपाय सोपा: मंद लाल होईपर्यंत तापवायचं. ताणरहित नवे स्फटिक तयार होतात, पितळ पुन्हा मऊ. पोलादासारखं ते पाण्यात बुडवून कडक होत नाही, त्यामुळे खुशाल बुडवावं.

अ‍ॅल्युमिनियम मात्र फसवं. डोळ्यांना लाली दिसण्याआधीच ते वितळतं. म्हणून त्यावर साबण चोळतात. साबण काळा पडला की ज्योत बाजूला. महागड्या तापमापकापेक्षा मला ही युक्ती जास्त पसंत आहे.

जोडायला डाख. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिशाचा डाख 183 अंश सेल्सिअसला वितळतो. शेजारी दोन जोड असतील तर पहिल्याला जास्त तापमानाचा डाख वापरावा, नाहीतर दुसरा देताना पहिला सुटतो.

डाख देताना खिडकी उघडी ठेवा आणि हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नका.