उपाशी निजलेली मुले

रक्तातील साखर उतरणे हा केवळ मधुमेह्यांचा आणि त्यांच्या औषधांचा विषय आहे, हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की, ज्याला मधुमेहाचा स्पर्शही नाही अशा बालकाचा त्याच कारणाने काही प्रहरांत अंत होऊ शकतो, हे सुशिक्षितांनाही सहसा ठाऊक नसते. बिहारमधील मुजफ्फरपूर जिल्ह्याने हे दुःख वर्षानुवर्षे भोगले आहे. लिचीच्या बागा फळांनी लगडल्या की, रात्री धडधाकट निजलेली मुले पहाटे आचके देऊ लागत, बेशुद्ध पडत, आणि इस्पितळात पोचेपर्यंत त्यांपैकी कितीतरी उपचारांपलीकडे गेलेली असत. लोक या आजाराला ‘चमकी बुखार’ म्हणत. सरकारी दप्तरी त्याची नोंद मेंदूज्वरात होई.

2014 साली भारतीय व अमेरिकी संशोधकांनी तेथील दोन इस्पितळांत दाखल झालेल्या 390 रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील 122 दगावले. ज्यांची साखर दाखल होताच मोजली गेली, त्यांपैकी 62 टक्के रुग्णांत ती दर 100 मिलिलिटरमागे 70 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी भरली. लिचीचा या आजाराशी संबंध दिसला, आणि रात्रीचे जेवण न झालेल्या मुलांत तो अधिकच ठळक होता.

याचे मर्म यकृतात आहे. रात्रीच्या उपवासात यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते, आणि तो साठा सरला म्हणजे चरबी जाळून व नवी साखर घडवून शरीर मेंदूची निकड भागवते. कुपोषित बालकाचा साठा मुळातच तुटपुंजा. त्यात लिचीतील, विशेषतः कच्च्या फळातील, हायपोग्लायसिन व त्याच्याशी साम्य असलेले दुसरे द्रव्य नेमकी ही दुसरी वाट अडवते. जमैकातील ॲकी हे लिचीच्याच कुळातले फळ. ते कच्चे खाल्ल्याने तेथेही याच विषाने माणसे दगावली आहेत.

तरीही सारा दोष फळाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते, कारण सुपोषित, पोटभर जेवलेली मुले तेच फळ खाऊन एरवी सुखरूप राहतात. रात्री मुलांना जेवू घालावे, लिची बेताने द्यावी आणि आजारी मुलाची साखर तत्काळ मोजून ग्लुकोज द्यावे, एवढेच संशोधकांचे सांगणे होते. तथापि 2019 च्या उन्हाळ्यात तेथे शंभराहून अधिक मुले पुन्हा मृत्युमुखी पडली. साखर मोजण्याचे यंत्र आणि शिरेतून द्यावयाचे ग्लुकोज यांची तजवीज खेड्यातल्या आरोग्यकेंद्रातच हवी. शहराच्या वाटेवर जाणारा वेळ या मुलांजवळ नसतो.